तुमची पहिली वाद्यवृंदरचना रसिकांपर्यंत: बडोद्यातल्या हौशी संगीतकारांसाठी मार्गदर्शक

दिवसा नोकरी किंवा दुकान, रात्री हेडफोन लावून व्हायोलिन-चेलोच्या ओळी लिहिणं, आणि तयार झालेलं कुणाला, कसं ऐकवायचं हे न कळणं, अशा अवस्थेत तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बडोद्यात अशी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. कुणी लहानपणी तबला शिकलेलं असतं, कुणी शाळेच्या बँडमध्ये वाजवलेलं असतं, कुणी नाट्यसंगीत ऐकत वाढलेलं असतं आणि मग कधीतरी सिंफनी ऐकून वेडं झालेलं असतं.

आपल्या गावाला लिहिलेल्या संगीताची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. सूरसागराजवळची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी ही तिचीच पुढची पिढी. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली होती. पुढे १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. रचना कागदावर आली की ती दुसऱ्याच्या हातात देता येते, तपासता येते, हा विचार इथं शंभर वर्षांहून जास्त काळ रुजलेला आहे.

माझं सगळं सांगणं त्याच विचाराभोवती आहे. ऐकणारे ‘छान आहे’ एवढंच म्हणून थांबतात, कारण आपण त्यांना नेमकं बोलता येईल असं काही दिलेलंच नसतं. रचना अशा रूपात द्या की ऐकणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येईल: हा बार (उभ्या रेषांनी आखलेला तालाचा एक खंड), हे वाद्य, इथं असं झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

सुरुवातीला हाताशी लागतं ते एवढंच:

– साधा लॅपटॉप (आठ जीबी रॅम असेल तर निभतं, सोळा असेल तर सुख)
– बंद कानांचे बरे हेडफोन. ब्लूटूथ नको, तारेचे हवेत
– म्युझस्कोअर स्टुडिओ, स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर, जे मोफत आहे
– छोटा मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडून स्वर भरायचा) असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही
– वही आणि पेन्सिल

## १. आधी लांबी आणि संच ठरवा

पहिली रचना तीन मिनिटांची करा. हौशी माणूस पहिल्याच फटक्यात चार भागांची सिंफनी लिहायला घेतो आणि ती पहिल्या भागातच अडकून पडते. तीन मिनिटांची पूर्ण रचना दहा जण ऐकतील. चाळीस मिनिटांची अर्धवट रचना तुमचा सख्खा भाऊसुद्धा ऐकणार नाही.

संचही आटोपशीर ठेवा: तंतुवाद्यांचे पाच विभाग (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास), एक बासरी, एक क्लॅरिनेट, एक हॉर्न. एवढ्यात खूप काही करता येतं, आणि कुठलं वाद्य काय करतंय हे स्वतःलाही ऐकू येतं.

## २. सा कुठं धरायचा

हा टप्पा बहुतेक जण विचार न करता उरकतात, आणि पुढे त्याचीच किंमत मोजतात. आपल्याकडे सा गळ्यावरून ठरतो. गाणाऱ्या पुरुषाचा सा काळी एक असेल तर रचनाही तो सहज काळी एकमध्येच लिहायला घेतो. पण वाद्यवृंदाला गळा नसतो, तारा असतात. काळी एकचा बिलावल स्टाफवर (पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच रेषांवर) लिहिला की सात शार्प (चढे) किंवा पाच फ्लॅट (उतरलेले) स्वर होतात, आणि व्हायोलिनची एकही मोकळी तार सा किंवा प म्हणून उपयोगी पडत नाही.

त्याऐवजी सा पांढरी दोनला, म्हणजे डी स्वराला धरा. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. सा डी धरला की त्या होतात म, सा, प, रे. डबल बासवर त्याच चार तारा उलट्या क्रमानं येतात. चेलोच्या वरच्या दोन तारा म्हणजे सा आणि प. त्या दोन मोकळ्या तारा एकत्र ओढायला सांगा, तुमचा तानपुरा तयार. मोकळ्या तारेचा नाद बोटानं दाबलेल्या तारेपेक्षा खुला आणि घुमणारा असतो, त्यामुळे रागाचे मुख्य स्वर आपोआप उजळतात.

क्लॅरिनेटचा मात्र वेगळा हिशोब आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं. सा डी असेल तर त्याच्या कागदावर सा ई येतो आणि बिलावलसाठीही चार शार्प पडतात. ए क्लॅरिनेट असेल तर तोच सा एफ होतो आणि फक्त एक फ्लॅट उरतो. पण आपल्या लग्नाच्या बँडमधल्या वादकांकडे साधारणपणे बी-फ्लॅटच असतं. पितळी वाद्यं आणि क्लॅरिनेट जास्त असतील, तंतुवाद्यं कमी असतील, तर सा काळी दोनला, ई-फ्लॅटला न्या. बी-फ्लॅट वाद्यांच्या कागदावर तो एफ होतो आणि बोटं सहज पडतात.

आता हार्मनीबद्दल, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांबद्दल, कारण इथं राग सगळ्यात जास्त मोडतो. समजा भूप घेतला: सा रे ग प ध. शिकवणीत शिकलेले तीन कॉर्ड लावायला गेलात, तर दुसऱ्या कॉर्डमध्ये (जी–बी–डी) म येतो आणि तिसऱ्यात (ए–सी शार्प–ई) नि येतो. तीनपैकी दोन कॉर्डमध्ये वर्ज्य स्वर! ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘हे भूपासारखं वाटत नाही’ एवढं त्याला नक्की कळतं. त्यावर उपाय आहेत. सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोन कॉर्ड भूपात पूर्ण बसतात. प आणि रे हे दोनच स्वर एकत्र धरून तिसऱ्या कॉर्डचं काम भागतं. आणि सगळ्यात सुंदर मार्ग म्हणजे एकच ओळ दोन वाद्यांना थोड्या अंतरानं देणं, म्हणजे कॅनन. भूपाचे पाचही स्वर एकमेकांवर पडले तरी कुठंच कर्कश होत नाही, म्हणून कॅननसाठी भूप पहिल्या रचनेला फार चांगला.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हार्पला सात पेडल असतात, प्रत्येक अक्षरस्वराला एक, आणि प्रत्येक पेडल फ्लॅट, नॅचरल किंवा शार्प अशा तीनच जागी बसतं. त्यामुळे दोन्ही मध्यमांचा राग हार्पवर अवघड जाणार असं वाटतं. पण कोमल धैवताचा ललित घ्या, सा डी धरा. ललितात पंचम नाही, म्हणून ए ची तार रिकामी राहते. ती ए-फ्लॅटला लावली की तीव्र मध्यम मिळतो. डी, ई-फ्लॅट, एफ-शार्प, जी, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट, सी-शार्प: एकही पेडल न हलवता आख्खा ललित. अशा जागा शोधत बसण्यात जो आनंद आहे त्यासाठीच आपण हे करतो.

## ३. ताल बारमध्ये बसवताना

तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे चार-चारच्या चार बार, हे सोपं. त्यातही खाली विसरू नका. नवव्या मात्रेला, म्हणजे तिसऱ्या बारच्या सुरुवातीला, बास आणि चेलोला थांबवा. तबल्याचा बायां तिथं गप्प होतो तोच परिणाम मिळतो, आणि सम परत येताना वजन जाणवतं.

झपतालाला पाच-चारचे दोन बार करा आणि प्रत्येक बार दोन अधिक तीन असा तुटक रेषेनं विभागून दाखवा. रूपकाला सात-चारचा बार, तीन-दोन-दोन. रूपकात एक सापळा आहे. त्याची सम खालीवर असते, पण स्टाफ वाचणारा वादक बारच्या पहिल्या मात्रेवर सवयीनं जोर देतो. तुम्ही काही लिहिलं नाही तर तुमचा रूपक पहिल्याच आवर्तनात भलताच ताल होतो. पहिली मात्रा हलकी हवी असं शब्दांत लिहा आणि जोराची खूण चौथ्या व सहाव्या मात्रेवर द्या.

कण स्वर ग्रेस नोट म्हणून लिहिता येतात. मींड तंतुवाद्यांना रेषेनं दाखवावी, कुठल्या तारेवर घ्यायची तेही लिहावं. ट्रॉम्बोनला मींड छान जमते, पण एका ओढीत जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांची. सा ते प एका दमात मागू नका, सा ते तीव्र म पर्यंत ठीक. भैरवातलं कोमल रिषभाचं आंदोलन कुठल्याच खुणेत नीट मावत नाही. तिथं स्कोरच्या (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या कागदाच्या) सुरुवातीला दोन ओळींची सूचना लिहा आणि वादक समोर असेल तेव्हा गाऊन दाखवा.

## ४. स्कोर लिहिणं

सॉफ्टवेअरच्या निवडीत फार दिवस घालवू नका. म्युझस्कोअर पुरेसं आहे. म्युझ हब या त्याच्या जोड-सॉफ्टवेअरमधून म्युझसाउंड्स हा वाद्यांच्या आवाजांचा संच उतरवून घ्या. ते काही जीबींचं आहे, रात्री लावून ठेवा. वाद्यांचा क्रम सॉफ्टवेअर स्वतः लावतं: वर लाकडी फुंकवाद्यं, मग पितळी, मग तालवाद्यं, खाली तंतुवाद्यं. तो बदलू नका. वाचणाऱ्याची नजर त्या क्रमाला सरावलेली असते.

लिहिताना कॉन्सर्ट पिचचं बटण चालू ठेवा, म्हणजे सगळी वाद्यं जशी वाजतात तशीच दिसतात. पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचा वेगळा कागद, काढण्याआधी ते बंद करायला विसरू नका. हॉर्न आणि क्लॅरिनेटवाल्याच्या हातात चुकीच्या पट्टीचा कागद गेला की अर्धी रिहर्सल बुडते. एखादा स्वर पिवळसर दिसला तर तो हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरचा, लाल दिसला तर कुणाच्याच आवाक्यातला नाही. त्या रंगांकडे दुर्लक्ष करू नका.

दर आठ-दहा बारनंतर चौकटीतली अक्षरं टाका आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक ठेवा. हे क्रमांक नसतील तर पुढे रसिकांशी नेमकं बोलणं अशक्य होतं.

फाइल नेहमी दोन रूपांत जपा: सॉफ्टवेअरची मूळ फाइल आणि म्युझिक-एक्सएमएल. फिनाले हे जुनं, जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्याचा विकास थांबवत असल्याचं त्याच्या कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. म्युझिक-एक्सएमएल असेल तर तुमचं काम दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतं.

## ५. संगणकाचा वाद्यवृंद कुठं फसवतो

आवाज आता इतके चांगले झाले आहेत की स्पीकरमधून आलेलं सगळं खरं वाटतं. जाणकार रसिक मात्र पहिल्या मिनिटात ओळखतो की हे खऱ्या माणसांना वाजवता येणार नाही. नेहमीच्या जागा या:

बासरीचे खालचे स्वर. खरी बासरी मधल्या सी च्या आसपास फार मंद असते. तिच्याखाली तुम्ही हॉर्न आणि चेलो जोरात ठेवले तर सभागृहात बासरी नाहीशी होते, पण संगणकात आवाजाची पट्टी वर सरकवली की ती सगळ्यांच्या वर ऐकू येते. बासरीला खालचा सूर द्यायचा असेल तर बाकीच्यांना गप्प करा. ओबोचं नेमकं उलट: त्याचे सगळ्यात खालचे स्वर जाड येतात, हळू वाजवणं कठीण.

श्वास. संगणक दमत नाही. इथल्याच एका मित्राच्या रचनेत क्लॅरिनेटची एक सुरेख ओळ होती, संथ लयीत सलग चौदा बार. रावपुऱ्याकडच्या एका बँडमधल्या बुजुर्ग वादकांना ती दाखवली. त्यांनी वाद्य हातातही घेतलं नाही. खिशातली पेन्सिल काढली, मनातल्या मनात ओळ म्हणत गेले आणि कागदावर तीन ठिकाणी स्वल्पविरामासारखी खूण केली. मग म्हणाले, ‘इथं, इथं आणि इथं मी मरेन. तुम्ही ठरवा कुठं जगवायचं.’ मित्रानं त्या तीन जागी ओळ व्हायोलाकडे सोपवली, आणि रचना आधीपेक्षा सुंदर झाली. तुमच्याजवळ वादक नसेल तर प्रत्येक फुंकवाद्याची ओळ स्वतः एका श्वासात गाऊन पाहा.

दोन स्वर एका तारेवर. व्हायोलिनला दोन स्वर एकत्र दिले तर ते दोन शेजारच्या तारांवर पडले पाहिजेत. जी तारेवरचे दोन स्वर एकाच वेळी कुणालाच वाजवता येत नाहीत. संगणक मात्र निमूटपणे वाजवतो. शंका आली की दोन व्हायोलिनांत वाटून द्या.

टिंपनी. सूर बदलायला वादकाला वेळ लागतो. मधे काही बार मोकळे ठेवा.

## ६. ऐकण्याजोगी फाइल

इथं थोडक्यात. सगळ्या वाद्यांना एकाच सभागृहाचा रिव्हर्ब (घुमारा) द्या, वेगवेगळा नको. हळू आणि जोर यांतला फरक राहू द्या. लिमिटर लावून सगळं एका पातळीला आणलं तर वाद्यवृंदाचा जीवच जातो. सगळ्यात जोराची जागा शून्याच्या एक डेसिबल खाली थांबली की बस. यूट्यूब जास्त मोठा आवाज स्वतःच कमी करतं, म्हणून आवाजाच्या चढाओढीत पडायचं कारण नाही.

मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, पाठवायला एमपी-थ्री, ३२० केबीपीएसची. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ‘हेडफोन लावून ऐका’ हे शब्द सोबत लिहाच. फोनच्या स्पीकरवर डबल बासचे खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, मग समोरचा म्हणतो की रचना पोकळ वाटते.

## ७. हक्काचं काय

नवख्यांना या विषयाची फार भीती असते आणि माहिती कमी असते. भारतात कॉपीराइट रचना लिहिली गेली त्या क्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येत तिचं लेखनही धरलेलं आहे, म्हणजे तुमचा स्कोर त्यात आला. हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पुरावा म्हणून नोंदणी करावीशी वाटली तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, संगीतकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. लागणारी कागदपत्रं: स्कोरची प्रत, ओळखपत्र, पत्ता, आणि सहरचनाकार असेल तर त्याची लेखी ना-हरकत.

खरा सापळा दुसऱ्याच्या हक्काचा असतो. आपल्याला वृंदगानासाठी मराठी कविता घ्यावीशी वाटतेच. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. परवानगी मागा, लेखी घ्या. पारंपरिक ओव्या, आरत्या, गरब्याच्या जुन्या चाली वापरायला हरकत नाही, पण एखाद्या ध्वनिमुद्रिकेतली विशिष्ट बांधणी उचलू नका. चित्रपटगीताची चाल वाद्यवृंदासाठी बसवली असेल तर ती ‘माझी रचना’ म्हणून कधीच पुढे करू नका.

आवाजांच्या लायब्ररीचा परवानाही वाचा. तिच्यातून बनवलेलं संगीत तुमचं, पण सुटे आवाज दुसऱ्याला वाटता येत नाहीत.

## ८. पुडकं बांधा

रसिकाला पाच ठिकाणी शोधायला लावू नका. एका फोल्डरमध्ये एवढंच ठेवा:

१) एमपी-थ्री
२) स्कोरची पीडीएफ, बार क्रमांकांसह
३) एक पानी टिपण: राग, ताल, संच, कालावधी, आणि तुम्हाला विचारायचे दोन किंवा तीन प्रश्न

फाइलच्या नावात रचनेचं नाव, आवृत्ती आणि तारीख हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावं ठेवलीत तर महिन्याभरात कुणी कुठल्या आवृत्तीवर बोलतंय ते तुम्हालाही कळणार नाही.

टिपणातले प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नाही. ‘बार ३२ ते ४० मध्ये चेलोची ओळ क्लॅरिनेटच्या खाली ऐकू येते का?’ हा प्रश्न आहे. ‘शेवटी षड्जावर आल्यावर थांबल्यासारखं वाटतं की अजून काही हवं होतं?’ हाही. स्टाफ न वाचणाऱ्यासाठी मिनिट-सेकंदात विचारा: १:४५ ला लक्ष सुटतं का? असा प्रश्न मिळाला की शास्त्रीय संगीत ऐकणारी आपली मावशीसुद्धा इतकं अचूक सांगते की थक्क व्हावं.

## ९. बैठक भरवा

फाइल पाठवणं सोयीचं, पण एकत्र ऐकण्याला तोड नाही. दांडिया बाजारातल्या एखाद्या घराचा मोठा दिवाणखाना, आठ-दहा माणसं, दोन बरे स्पीकर, एवढं पुरतं. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी पुढे घ्या. पंख्याचा आवाज मंद जागांना खाऊन टाकतो, म्हणून शक्य असेल तर थंडीत बैठक ठेवा.

स्कोर ए-फोरवर छापलात तर आठ-दहा ओळींचा मजकूर मुंगीएवढा होतो. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्रीवर काढा, डाव्या बाजूला स्पायरल लावा. तीन प्रती पुरतात, एका प्रतीत तीन डोकी.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा कुणालाही कागद न देता नुसतं ऐकवा. आधी काहीही समजावून सांगू नका. पहाटेचं चित्र, आजीची आठवण, काही नाही. ऐकून झाल्यावर दोन मिनिटं शांत राहा, प्रत्येकाला स्वतःच्या वहीत लिहू द्या. मग कागद देऊन दुसऱ्यांदा ऐकवा. आपल्याकडे एका ज्येष्ठाचं मत आलं की बाकीचे मान डोलावतात, म्हणून आधी लिहून घेणं गरजेचं. आणि बोलायला सुरुवात सगळ्यात लहान माणसापासून करा.

तिथं बचाव करू नका. समोरचा म्हणाला की मधला भाग लांबला, तर ‘पण तिथं मी मुद्दाम...’ असं सुरू करू नका. तारीख टाकून लिहून घ्या.

बैठकीत दुसऱ्यांच्या रचनाही ऐका आणि त्यांच्यासाठी तेवढीच मेहनत घ्या. स्वतःचं ऐकवून निघून जाणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी मनापासून ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे.

## १०. आलेल्या मतांचं काय करायचं

दोनपेक्षा जास्त जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा बदला, त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही. ऐकणाऱ्याला दुखणं बरोबर कळतं, औषध दर वेळी कळतंच असं नाही. ‘इथं तबला टाका’ असं चौघांनी म्हटलं, तर त्यांना लय सापडत नाहीये एवढा त्याचा अर्थ. चेलोच्या पिझिकाटोनंही, म्हणजे बोटानं तार छेडूनही, ते काम होईल.

‘हे ना धड आपलं, ना धड पाश्चात्त्य’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. त्यावर वाद घालू नका, पण कुठल्या बारला तसं वाटलं ते जरूर विचारा. बहुतेक वेळा बोट वर्ज्य स्वराच्या कॉर्डवर किंवा चुकलेल्या समेवरच पडतं, आणि ते दुरुस्त करता येतं.

## ११. खऱ्या वादकांकडून वाजवून घ्यायचं असेल तर

सगळा वाद्यवृंद जमवण्याच्या मागे लागू नका. एक व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक चेलो एवढेच खरे आणि बाकी संगणकाचे, असं मिश्रण केलं तरी रचनेत प्राण येतो. व्हायोलिनवादक सुगम संगीताच्या मंडळींत सापडतील, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बँडवाल्यांकडे. चेलो मिळवायला जास्त विचारपूस करावी लागेल. पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जा. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथं २००६ पासून आहे. एकदा तरी पुढच्या रांगेत बसून हॉर्न आणि बासरीचं खरं प्रमाण कानात भरून घ्या.

तारखा ठरवताना बडोद्याचं पंचांग लक्षात ठेवा. नवरात्रात एकही वादक रिकामा नसतो, आणि त्याआधीचे काही आठवडे गरब्याच्या तालमींत जातात. दिवाळीनंतर लग्नसराई. बँडवाल्यांसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे धनुर्मास, गुजराती मंडळी ज्याला कमूरता म्हणतात तो: डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नं नसतात, वादक घरी असतात, हवाही थंड असते.

पार्ट छापताना पान उलटायची जागा विरामावर आणा. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर असतात. बँडमधले बरेच जण कानानं वाजवतात. त्यांना स्टाफच्या कागदासोबत ऑडिओ आधी आठवडाभर द्या आणि सरगम लिहून द्या. सरगमीत मोठ्यांनाही कमीपणा वाटत नाही, उलट राग लगेच कळतो.

मानधन आधी बोला. रिहर्सलचे वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे, येण्या-जाण्याचे वेगळे. ‘हौसेचं काम आहे’ हे तुमच्यासाठी खरं आहे, त्यांचं मात्र घर त्यावर चालतं. आणि रेकॉर्डिंग लोकांसमोर ठेवायचं असेल तर प्रत्येक वादकाची लेखी संमती घ्या, कारण सादरीकरणावर वादकाचाही कायद्यानं हक्क असतो. अर्ध्या पानाचा कागद पुरतो: रचनेचं नाव, रेकॉर्डिंगची तारीख, कुठं ऐकवलं जाणार, मानधनाची रक्कम, श्रेयनामावलीत नाव कसं हवं, आणि दोघांच्या सह्या. पैसे हातात देतानाच तो भरून घ्या, आणि रेकॉर्डिंग तयार झालं की पहिली प्रत त्यांना पाठवा.